धरा की त्याला

करडईच्या तेलात बुडवलेली चिंधी, आणि ती चामड्यावर फिरवत उन्हाला बसलेले तात्या... मांडीवर दोन्ही टोकांना निमुळता, नारळाच्या घाटाचा तांबूस चेंडू. तेल, चामडं आणि शेजारच्या वाळल्या कडब्याचा मिळून जो वास सुटायचा, तो अजून कुठं आला तर माझं डोकं आधी शांत होतं आणि मग तापतं.

तात्या मराठ्यांचे. तरुणपणी बोटीवर गेले, तिथून विलायतेतल्या कापडगिरणीत. आणि मोठा दुष्काळ पडायच्या आधीच्या साली सुप्याजवळच्या आमच्या गावी परतले ते रग्बी लीग नावाचा तेरा-तेरा गड्यांचा खेळ घेऊन. तिकडचे गिरणीकामगार खेळतात, मग आपली पोरं का नाही? सुप्याचा संघ, राहुरीचा संघ, नगरला सामने — ज्वारी काढलेल्या आपल्या रानातली धसकटं उपटता उपटता ते आम्हांला हे सांगायचे. चेंडू काखेत घेऊन पळायचं. समोरच्यांनी कवेत धरून पाडायचं. पडलेल्यानं उठून टाचेनं चेंडू मागं सारायचा, की खेळ पुढं चालू.

आमच्या बौद्धवस्तीतून मी एकटाच जायचो. आणि मी कुणाला सापडतच नव्हतो. चेंडू हातात आला की थेट पल्याडचा बांध... वाटायचं, माझ्यासारखा पळणारा पंचक्रोशीत नाही.

शेजारची सुमन — पुढं माझी बायको झाली — बांधावर शेळ्या राखत बसायची. एका संध्याकाळी म्हणाली, "लई पळतो म्हनं तू. आरं, तू न्हाई पळत. ती सरकत्यात."

"जळतीस व्हय माझ्यावर?"

"उद्या मधीच हुभा ऱ्हा. बघ कोन शिवतंय."

राहिलो उभा. रानाच्या मध्यावर, चेंडू पोटाशी धरून. कुणी नाक खाजवत होतं, कुणी पायातला काटा शोधत होतं. तात्या ओरडत होते, "धरा की त्याला. आरं, धरा."

"तात्या, आंगुळ करावी लागंल. आई मारती," एकजण म्हणाला.

तात्यांनी विजारीचे पाय दुमडले. पन्नाशीचा तो माणूस धावत आला आणि मला कवळा घालून धाडदिशी आदळला. कोपर सोललं, तोंडात माती गेली... उठलो, आणि पहिल्यांदा टाचेनं चेंडू मागं सारला. बांधावर सुमन पोट धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या भावकीनं त्या रानात नांगर घातला. खेळाच्या नावाखाली गाव बाटवतोस म्हणाले. पोरं आली नाहीत, चेंडू फडताळात आक्रसून गेला, आणि तात्या कुणाशी बोलेनासे झाले.

आता गावातली शिकलेली माणसं सांगतात, परदेशी खेळ तो, आपल्या मातीत रुजला नाही. मातीला कशाला बोल लावता? माझ्या तोंडात गेली होती ती. चांगली माती होती. वर म्हणतात, आमच्या गावात शिवाशिव कधी नव्हतीच. हे कानांवर आलं की सुमन पदर खोचून उभी राहायची, "म्या बघितलंय," म्हणायची, आणि बोलणारा विषय बदलायचा.

तात्या कधीच गेले. ह्या उन्हाळ्यात सुमन गेली. त्या पोरांतले दोघंतिघं अजून आहेत, पारावर बसतात. विचारलं तर त्यांना काही आठवत नाही म्हणे.

जिला आठवत होतं, ती गेली.