डबीत न घातलेली गोळी

रविवारी सकाळी मी नवऱ्याच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरते. काल त्या भरत असताना तो माझ्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आला. "ही पण रोज एक टाक गं. पेपरात आलंय, सूज उतरवणाऱ्या औषधांनी फुप्फुसाचा कॅन्सर टळू शकतो." शर्टाला सिगारेटचा वास होता.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. "त्यावर अजून संशोधन चालू आहे, काकू. मनाने रोज घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आधी त्यांची सिगारेट सोडवा."

धुराने फुप्फुसं सुजलेली राहतात आणि ती सूज कॅन्सरच्या पथ्यावर पडते, म्हणे. तिच्यावर गोळी सापडली तर उत्तमच. पण आपल्याला काही सोडण्यापेक्षा वरून घालणं सोपं वाटतं. आमटी खारट झाली की मी बटाटा टाकते, कारण पडलेलं मीठ काढता येत नाही. पुढची सिगारेट तर अजून पेटवायची असते.

त्याचा मोठा भाऊ याच आजाराने गेला. भीती खरी आहे.

मी पट्टी कपाटात ठेवली.

"म्हणजे काहीच नाही करायचं?" त्याने विचारलं.

मी हात पुढे केला. त्याने त्यावर सिगारेटचं पाकीट ठेवलं. लायटर मात्र खिशातच राहू दिला.