चोवीस बिटमधला ढावलो

मित्रहो, आज यवतमाळच्या स्टुडिओत गेलतो, बहिणीचा ढावलो साफ करून आणायले. आमच्या तांड्यात नवरी घर सोडताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. मी साध्या मोबाईलवर रेकॉर्ड केलता. बाच्या गळ्यात पडून ती शेवटी हळूच काय म्हणाली, तिथं नुसती खरखर आहे.

गाण्याच्या ॲपवर चोवीस बिटच्या भारी क्वालिटीत गाणाऱ्याचा श्वासही ऐकू येते. म्हटलं, याचंही तसंच करू. स्टुडिओवाल्यानं केलं. फाईल मोठी झाली, खरखर तेवढीच.

"जे रेकॉर्डच झालं नाही, ते कुठून आणू?" तो म्हणाला.

बहिणीले फोन लावला. "भाऊ, ढावलो तवाच निघते. आता नाही आठवत."

बा कापूस वेचता वेचता थांबते, फोन कानाले लावून तीच खरखर ऐकते. आता विचारून राह्यला, "झालं का साफ?"

काय सांगू त्याले?