पायापर्यंत आलेलं पाणी

शांतवन पेंटर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी एका जोडप्याला त्यानंच रंगवलेल्या पडद्यापुढे उभं करत होतो. त्याचा मुलगा बोलत होता. मी ऐकलं, फोन ठेवला, जोडप्याला जरा जवळ सरकायला सांगितलं, फोटो काढला आणि मग स्टुलावर बसलो...

मिरजगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. हा पडदा शांतवननं एका जुन्या कॅलेंडरवरून केला. मागे बर्फाचे डोंगर, खाली तळं. पडदा भिंतीवरून उतरून फरशीवर पसरतो, त्यामुळे तळं थेट माणसाच्या पायापर्यंत येतं. टँकरची वाट बघणाऱ्या आमच्याकडच्या बायका त्यावर पाय ठेवण्याआधी चपला काढायच्या, नकळत लुगडं घोट्यावर धरायच्या. कुणी सांगितलेलं नसायचं. मी हसायचो. शांतवन म्हणायचा, "हस लेका. तुझ्या लायटीला बघून कुनी चपला काढल्यात का?"

उत्तरेचे डोंगर त्यानं कधी पाहिले नव्हते. आम्ही काश्मीरला निघालो तेव्हा गाडीत एक जागा होती, त्यानं दबकत विचारलंही होतं. मी ती मेव्हण्याला दिली. परतलो तर हा स्टुडिओच्या पायरीवर. "भाऊ, पानी कसं हाय तिकडं? आपल्यासारखं हाय का?"

"थंडी लई," मी म्हणालो.

त्याच्या नजरेला नजर द्यायची नव्हती, म्हणून एवढंच. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पुढे कधीमधी ब्रश घेऊन यायचा, पाण्याकडे बघत बसायचा, रंगाचा डबा न उघडताच निघून जायचा.

आता सांगतो. तिथल्या तळ्याकाठी मी बूट काढले होते. बायको ओरडली, तेव्हा ध्यानात आलं. समोर शांतवनचंच पाणी होतं. तोच निळा, काठाला तोच काळसरपणा, आणि वर डोंगर असे गप्प, की मला वाटलं, हे आधी आमच्या भिंतीवर होतं, मग इथं आलं...

परवा शांतवनची बायको, रूथवहिनी, त्याचा फोटो मोठा करून न्यायला आल्या. त्यांना हे सगळं बोललो. त्या पडद्याकडे वळल्या.

"मला सांगून काय उपेग, भाऊजी? घरी आले की म्हनायचे, भाऊ पान्याचं अजून काई बोलला न्हाई. मीच चुकलो असंन."

वहिनींनी चपला काढल्या, साडी जरा उचलली आणि पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. "काढा माजा."

मी सवयीनं म्हणालो, मधोमध या. त्या हलल्या नाहीत. शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती.

तसाच काढला.