भिंगरीचा खराखुरा फोटो

…तर ते राहू दे, ते लिहू नकोस, मी सांगत होते ते त्या फोटोस्टुडिओवाल्याच्या मुलीचं. भिंगरीचं. खरं नाव तिच्या कॉलेजच्या कागदांवर असेल, बाकी कुणाच्या तोंडात नाही. लहानपणापासून एका जागी बसेल तर शपथ. भुवईवर तो व्रण आहे ना, तो त्याचाच. दुकानातल्या फिरत्या स्टुलावर गरगर फिरत होती, काउंटरचा कोपरा लागला. टाके घालून घरी आणली, तर बया परत स्टुलावर.

आता ही शिकते काय, तर जुनी चित्रं, जुने फोटो सांभाळायला. बुरशी आलेलं, फाटलेलं, पाण्यात भिजलेलं असं काही आलं की मऊ ब्रशनं धूळ काढायची, मागून पातळ कागदाचा आधार द्यायचा. आणि त्यांच्यात एक कडक नियम असतो म्हणे. जे नव्हतं ते घालायचं नाही, जे होतं ते काढायचं नाही.

आणि हिचे बाबा बरोबर उलटे. त्यांच्या स्टुडिओत माणूस जसा शिरला तसा फोटोत कधी आलाच नाही. मुरूम गेले, डोळ्यांखालचं काळं गेलं, वाकडं नाक सरळ झालं. एका हेडमास्तरांना तर त्यांनी चक्क डोक्यावर केस दिले होते. हेडमास्तरांनी फोटो हातात घेतला, नीट निरखला आणि म्हणाले, हां, आता बरोबर आलाय. म्हणजे गिऱ्हाईकही तसंच.

तर एक दिवस कॉलेजातल्या मॅडमनी वर्गात सांगितलं की परदेशातल्या एका विद्यापीठाशी आपलं जमलंय. एकीला अर्धं वर्ष, म्हणजे एक सत्र, तिकडे जाऊन शिकता येईल. जागा एकच. ज्यांना जायचंय त्यांनी अर्ज करा. भिंगरी घरी आली ती जिन्याच्या पायऱ्या गाळत गाळत. आई नर्स आहे, नुकतीच ड्यूटी संपवून कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. पोरीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. आईला त्यातलं परदेश आणि बर्फ एवढंच कळलं.

"जायचंय कधी?" आईनं विचारलं.

"अजून अर्ज करायचाय."

"मग माळ्यावरची बॅग कशाला काढलीस?"

बाजारात तुरी आणि इथे बॅग भरून तयार. थंडीला लागतील म्हणून तिनं घरातले होते नव्हते तेवढे स्वेटर एकावर एक चढवले, ऐन उकाड्यात, आणि आरशासमोर घामाघूम होऊन हसत उभी. बॅगेचं वजन बघायचं म्हणून ती कडेवर घेऊन काट्यावर चढली. आई खालून म्हणते, श्वास सोड, तुझ्या हवेचंही वजन लावतील ते. बाबा तर त्याहून पुढचे. सवय व्हावी म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ तिकडच्या वेळेवर लावून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ते बघून दुकान उघडायला गेले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा उठलं नव्हतं.

पण अर्ज म्हणजे काही खेळ नाही गं. इथले कुठले विषय तिकडच्या कुठल्या विषयांना जुळतात ते जुळवायचं, मॅडमची सही घ्यायची, मग आम्हाला तुमच्याकडे का यायचंय त्याचं पत्र लिहायचं. भिंगरीनं पहिलं पत्र लिहिलं त्यात मानवजात होती, काळाचा प्रवाह होता, आत्मा होता. आईनं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "अगं, तू शाळा मागतेयस का मोक्ष?" मग तिनं ते फाडलं आणि साधं लिहिलं, की मला जुने फोटो जसेच्या तसे जपायला शिकायचंय, आणि तुमच्याकडे ते चांगलं शिकवतात. संपलं.

राहिला फोटो. बाबा म्हणाले, त्याची काळजी कुणी करायची नाही. त्या दिवशी त्यांनी दुकान अर्धं बंद ठेवलं, मागचा पडदा बदलला, दिवे पुसले, आणि फोटो काढून झाल्यावर दुपारभर कॉम्प्युटरसमोर मान घालून बसले. संध्याकाळी फोटो आला. काय गोड आला म्हणून सांगू. भुवई अख्खी, दोन्ही कान सारखे, हनुवटी कोरल्यासारखी. घरात कुणाला काही खटकलं नाही. खटकणार कसं? त्या घरच्या भिंतींवर सगळे असलेच लोक टांगलेले. आजोबासुद्धा सिनेमातल्यासारखे दिसतात तिथे. फोटो लावला, अर्ज गेला, पोरगी पुन्हा स्वेटर चढवून बसली.

थोड्या दिवसांनी तिकडून मेल आली. पासपोर्टवरची मुलगी आणि अर्जावरची मुलगी एकच आहे असं आम्हाला दिसत नाही. शुक्रवारपर्यंत नीट फोटो पाठवा, मगच मुलाखत होईल, नाहीतर अर्ज इथेच थांबेल.

पासपोर्टचा फोटो त्या ऑफिसातल्या माणसानं काढलेला ना. तो काय मान वर करा म्हणतोय, हसा म्हणतोय? खटकन दाबलं बटण, व्रणासकट. तो खरा. एका जागी न बसणारी पोर खुर्चीवर बसून राहिली, आणि आईला पहिल्यांदा भीती वाटली.

बाबांना आधी रागच आला. इतक्या वर्षांत एक फोटो परत आला नाही म्हणे. मग पोरीचं तोंड बघितलं आणि कॅमेरा उचलला. म्हणाले, चल, आत्ता दुसरा काढतो, हात लावत नाही. काढला. आणि पाठवायच्या आधी एक छोटा मुरूम काढला, कारण मुरूम काय, तो उद्या जाणारच आहे. मुरूम गेल्यावर गाल एका बाजूला उजळ वाटला, म्हणून दुसरा उजळला. मग कान. तिसऱ्या वेळी भिंगरी त्यांचं मनगट धरून शेजारी बसली. तर यांनी आधीच दिवे असे लावलेले की व्रण सावलीत गडप. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

गुरुवारी सकाळी आई ड्यूटीला निघताना दारातून म्हणाली, "समोरच्याकडे जा."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा फोटोवाला. उंच, किडकिडीत, बाबांच्याच हाताखाली शिकून समोरच दुकान टाकलेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. बाबा म्हणायचे, त्याच्याकडे माणूस जातो माणूस म्हणून आणि बाहेर येतो फरारी आरोपी म्हणून. बाबांनी चहा संपवला, चप्पल घातली आणि पोरीला म्हणाले, "चल. माझा हात काही माझं ऐकत नाही."

दोघं रस्ता ओलांडताना अख्खी गल्ली दाराशी आली. समोरचा तर त्यांना बघून स्टुलावरून उठताना कॅमेऱ्याच्या पट्ट्यातच अडकला. बाबांनी एवढंच सांगितलं की हिला परदेशी शिकायला जायचंय, हिचा जशी आहे तसा फोटो हवाय. आता गंमत ऐक. गुरू पाठीशी उभा म्हटल्यावर त्या बिचाऱ्याला वाटलं, आज आपली कला दाखवायची. फोटो काढला आणि माउस घेऊन सरळ भुवईवर गेला.

"हात लावायचा नाही," बाबा ओरडले.

"पण तुम्हीच शिकवलंत ना, व्रण राहू द्यायचा नाही म्हणून."

"मी चुकीचं शिकवलं. हात खिशात घाल."

त्यानं घातले हात खिशात. पोरगी हसून हसून स्टुलावरून घसरायची राहिली. फोटो अगदी खरा आला. एक कान पुढे, भुवई तुटकी, ओठ दाबून धरलेले, आता हसू फुटेल असे. बाबांनी तो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, ही तर तूच आहेस गं. आणि त्याच दुकानातून त्यांनी तो पाठवला.

मुलाखत कॉम्प्युटरवरच झाली. पडद्यावर तिकडच्या दोन बायका, इकडे भिंगरी, आणि दाराआड आईबाबा श्वास रोखून. विषय विचारले, कॉलेजचं विचारलं, ती पटापट सांगत गेली. शेवटी त्यातली एक म्हणाली, आम्हाला एक कळत नाही, तो पहिला फोटो कुणाचा होता? भिंगरीनं एक क्षण दाराकडे बघितलं. मग जे होतं ते सांगितलं. माझे बाबा फोटोवाले आहेत, त्यांना समोरचा चेहरा सुधारल्याशिवाय राहवत नाही, आमच्या गावाला त्यांनी सुंदर करून ठेवलंय. आणि म्हणूनच मला यायचंय. आमच्या घरात जसं आहे तसं ठेवायचं कुणालाच येत नाही, कुणीतरी शिकायला हवं.

त्या बायका अशा हसल्या की एकीचा चष्मा खाली आला. तिनं विचारलं, तुमचे बाबा माझा काढतील का? दाराआडून बाबा म्हणाले, काढीन की. आईनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

निवड झाल्याची मेल आली ती भिंगरी बसमध्ये असताना. तिनं कंडक्टरला सांगितलं, ड्रायव्हरला सांगितलं, शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली, आणि आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे जाऊन उतरली. तिथून धावत घरी. बाबा दुकानात कुणाचं तरी नाक सरळ करत होते. तिनं सांगितल्यावर तसंच वाकडं टाकून उठले आणि बापलेक दुकानात नाचले, गिऱ्हाइकासमोर. आई हॉस्पिटलमध्ये होती, तिनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, बरं, आता तरी घड्याळ जाग्यावर आणा. आणि मग म्हणे औषधांच्या कपाटाआड जाऊन पोटभर रडली.

तर आता ती जाणार. तिकीट व्हायचंय, व्हिसा व्हायचाय. आणि व्हिसाला, बाई, परत नवा फोटो लागतो. बाबा काल आईला हळूच म्हणत होते की ह्या वेळी मीच काढतो, जमेल मला. कसलं जमतंय. म्हणून हे एवढं खाली मोठ्या अक्षरात लिही. जो कोणी हे वाचेल आणि त्या रस्त्यानं जाईल, त्यानं समोरच्या फोटोवाल्याला माझा निरोप द्यावा, की बापलेक उद्या सकाळी यायचेत, दुकान लवकर उघड, आणि म्हातारा काहीही म्हणाला तरी त्याला माउसला हात लावू देऊ नकोस.