सगुणचा वारा

आमच्या डिचोलीच्या कारखान्यात यंत्रं सांभाळणारा सगुण म्हणजे देवमाणूस, पण डोक्यानं अर्धा. मी सुमंगला, पॅकिंगच्या टेबलावरून रोज त्याचे उद्योग बघते, तेव्हा असं बोलायचा हक्क मला आहे.

एका मे महिन्यात माझ्या शेजारची यशोदा पत्र्याखालच्या उकाड्यानं घेरी येऊन पडली. दुसऱ्या दिवशी सगुणनं तिच्या पाठीमागून यंत्रांना दाबाची हवा नेणाऱ्या पायपाला गुपचूप बुराक पाडला, बारीकसं भोक. कॉम्प्रेसरचा वारा सूंऽऽ करत तिच्या कानाजवळून थेट मानेवर! वर्षानुवर्षं ती त्याला दुवा देत राहिली. साहेबांना कळलं तर त्याची नोकरी जाईल, म्हणून आम्ही सगळ्या मूग गिळून गप्प.

यंदा दसऱ्याला यंत्रं बंद करून झेंडूच्या माळा घातल्या. कॉम्प्रेसर मात्र सगुण चालूच ठेवतो. म्हणतो, निजलेल्या देवाची पूजा कसली? विजेचा खर्च तपासायला आलेल्या सिद्धी मॅडम तिथंच थबकल्या. एकही यंत्र हवा घेत नाही, तरी कॉम्प्रेसर जरा थांबतो न थांबतो तोच पुन्हा हवा भरायला लागतो. मग हवा जाते कुठं? साबणाचं पाणी घेऊन त्या पायपांमागे लागल्या. फेस फुगला की तिथं हवा गळतेय, म्हणून लाल फीत. शेवटी सूंऽऽ ऐकत यशोदेच्या मागे येऊन उभ्या.

"हे कुणी पाडलं?"

सगुण पुढे झाला. "मियां पाडलंय. बुजवा बाय, पण आदी तिका पंखो लावा. गरमेन घेरी येता तिका."

गेला मेला कामावरून, मला वाटलं. पण मॅडम हसल्या. "दाबून भरलेली हवा हा सगळ्यात महाग वारा, सगुणभाऊ. एवढ्या विजेत इथं सगळ्यांच्या डोक्यावर पंखे फिरतील." साहेबांकडून त्यांनी पंखे आणवले, तेव्हाच बुराक बुजवू दिला.

सगुण ऐटीत विचारायला आला, "यशोदा, कसो आसा वारो?"

"बरो आसा रे. पण तुझी शिटी अजून वाजता. बंद नाय केलंस?"

पायप तर कधीचा गप्प होता. सगुणनं पायपाला कान लावला, मग तिच्या कानाकडे बघितलं.

"उद्या रजा घे," तो म्हणाला. "कान दाखवूक जावया."

"काय म्हणालस?" यशोदेनं विचारलं.