मागच्या चाकावरचा जोड

मी मूळचा होड्यांचा माणूस. पाचूबंदरला आमच्या घरातले सगळे समुद्रावर जाणारे, मला मात्र बोट लागायची. बापाने शेवटी वैतागून मला फायबरच्या कामाला लावलं. लाकडी होडी जुनी झाली की तिच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिनचा चिकट लेप चढवायचा, की ती पुन्हा पाण्यात जायला मोकळी. पुढे गाड्यांचे बंपर करायला लागलो, आणि आता नालासोपाऱ्याजवळ गास गावात माझ्या शेडमध्ये स्पोर्ट्स गाड्यांना रुंद करायचं काम करतो. चारही चाकांवर फायबरचे जाडजूड पंखे, म्हणजे चाकावरच्या रुंद कमानी, बसवायचे, चाकं बाहेरच्या बाजूला सरकवायची, गाडी बेडकासारखी फतकल मारून बसली पाहिजे. मला विचाराल तर सगळा येडेपणा आहे. पण हात चांगला आहे माझा, ते मी मरेपर्यंत सांगणार.

माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा तीन वर्षं प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात राबून आला आणि त्याने गाडी घेतली. दोन दारांची, गडद निळी, दुसऱ्याने वापरलेली. कुठून घेतली तर उत्तरेकडच्या कुठल्याशा दलालाकडून, फोनवर फोटो बघून. म्हटलं, लग्नाची मुलगी तरी प्रत्यक्ष बघशील ना रे? तो हसला. त्याला गाडी रुंद करून हवी होती आणि मामा घरचाच.

भाच्याने पापडीच्या घरून गाडी आणली तेव्हा बहीण पुढच्या सीटवर बसून आली. चाकासमोर नारळ फोडला, गाडीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "दादा, तू बघतोस ना? मंग मना कसली भीती नाय."

मी बघितली होती कुठे! पण मान डोलावली. बहिणीसमोर भाव खायची सवय जुनी.

ती गेल्यावर मी गाडीला बोटाच्या पेरांनी ठोकत फिरलो. होडीची फळी कुजलीय का हे आम्ही ठोकूनच ओळखतो. पुढे पत्रा खणखणीत वाजला. मागच्या चाकावर मात्र आवाज बसका आला. दोन्ही बाजूंना. लोहचुंबक लावून बघितलं, ते घसरून खाली पडलं. मनात पाल चुकचुकली. पण जुन्या गाडीला पोचे भरायची थोडी पुट्टी असायचीच, असं म्हणून मी कामाला लागलो. चुकलं तिथेच. तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं.

पुढचे पंखे आठवड्यात बसले. पुढचा पत्रा नटबोल्टचा असतो, काढला की निघतो. मागचा तसा नसतो. तो गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेला, त्यामुळे चाक बाहेर घ्यायचं तर तो कापावा लागतो. मी ग्राइंडर लावला. पत्रा कापताना ठिणग्या उडतात. इथे ठिणगीच नाही, नुसती पांढरी पूड. बोटभर जाडीची पुट्टी होती. ती खरवडली, तर खालून वेल्डिंगची वेडीवाकडी रेघ निघाली. एका बाजूने ती छताच्या खांबात चढली होती आणि दुसऱ्या बाजूने सीटखालून तळात उतरली होती. पलीकडच्या बाजूलाही तेच. कुठल्या तरी अपघातात अर्धी गेलेली गाडी, तिला दुसऱ्या गाडीचं मागचं अर्धं अंग चिकटवलेलं. दोन मेलेल्या गाड्यांची एक केली होती, आणि तिच्यात माझी बहीण पापडीपासून बसून आली होती.

शेजारच्या गाळ्यात माझ्याच वयाचा एक वेल्डर आहे. त्याला बोलावलं. पक्कं करता येईल का, विचारलं. त्याने बॅटरी मारून आतून बाहेरून बघितलं, हातमोजे काढले आणि म्हणाला, असला जोड पक्का होत नसतो, हिला भंगारात घाल. मी पुन्हा गळ घातली तर सरळ उठून गेला. आम्ही वीस वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खातो, पण त्या दिवशी तो जेवायलाही आला नाही.

भाच्याला बोलावून घेतलं. तो चाकाशी उकिडवा बसून बराच वेळ रेघ बघत राहिला. मी तोंड सोडलं होतं. फोटो बघून घेतोस, अक्कल गहाण टाकलीस, तुझ्या आईला काय सांगू, सगळं बोलून घेतलं. तो उठला, हात पुसले. मग म्हणाला, "मामा, फायबर चार बोटं वर चढव. रेघ झाकून टाक. मी चालवणार नाही, विकून टाकतो. आईला सांगू नको."

आता खरं सांगतो. मला राग यायला हवा होता. पण आधी वाटलं ते हे, की सुटलो. आपलं पोर वाचलं. ते वाटलं आणि मग पुढचं सगळं सोपं झालं.

मी साचा बदलला. पंख्याची कड चार बोटं वर नेली, खांबाच्या मुळाशी अशी वळवली की बघणाऱ्याला वाटावं हीच फॅशन. आयुष्यात इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं. रंगावर चेहरा दिसत होता. वेल्डर बाहेरून जाताना एकदा थांबला, बघितलं आणि चालू पडला. गाडी पंधरा दिवसांत विकली गेली. बहिणीला सांगितलं की पोराचं मन उडालं. ती म्हणाली, बरं झालं बाई, फार पळायची ती.

चार महिन्यांनी तीच गाडी माझ्या दारात आली.

चालवणारा तिशीचा, विरारच्या नव्या इमारतींतला. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी, मागच्या चिमुकल्या सीटवर. मला काका म्हणाला. गाडी घेताना कोणी काम केलंय ते विचारलं, तुमचं नाव निघालं, म्हणून डोळे झाकून घेतली, म्हणाला. मग मागच्या चाकाशी नेऊन पंख्याच्या वरच्या कडेला केसासारखी चीर दाखवली. हल्लीच पडलीय, जरा भरून द्या. आणि हो, दार आताशा दोन-तीनदा ओढावं लागतं, तेही बघा. शनिवारी सगळे कोकणात निघालोय.

ती चीर माझ्या फायबरची नव्हती. खालचा जोड उकलत होता. गाडी मधून वाकायला लागली होती, म्हणूनच दार बसत नव्हतं.

मी मुलीला आधी खाली उतरायला सांगितलं. मग त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पुट्टी, रेघ, दोन गाड्या, सगळं. पंखा काढून दाखवतो म्हटलं, आत्ता, फुकट, दहा मिनिटांत. ग्राइंडर उचललासुद्धा.

तो गाडीच्या आणि माझ्या मधे उभा राहिला. आधी हसला, मग त्याचा चेहरा बदलला. तुमचं काम तडकलं म्हणून आता गाडीला नावं ठेवताय होय, म्हणाला. गॅरंटी द्यायला नको म्हणून रंग खरवडून हजारांचा चुराडा करणार. मी शपथा घातल्या. देवाची घातली, बहिणीची घातली. वेल्डरला हाका मारल्या, त्याच्या गाळ्याला कुलूप होतं.

"काका, खरं असतं तर तुम्ही झाकलंच नसतं," तो म्हणाला.

माझंच सुबक काम समोर उभं होतं, आणि ते माझ्या विरुद्ध साक्ष देत होतं.

त्याने सांगितलं, चीर भरायला नालासोपाऱ्यात दुसरे पन्नास जण आहेत. मुलीला उचलून मागे बसवलं, तिचा पट्टा लावला, तो नीट ओढून बघितला. बाप चांगला होता. मी काचेवर हात मारत राहिलो, शनिवारी नको जाऊ रे, तेवढं तरी ऐक. त्याने काच वर घेतली.

दार लागत नव्हतं. तिसऱ्या खेपेला त्याने जोरात ओढलं तेव्हा लागलं.