कोणीही बुडालं नाही

अर्जातला चौदावा रकाना होता, 'आपली सर्वोच्च क्रीडा कामगिरी'. त्यात आमच्या वन्संनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'बावीस वर्षांत कोणीही बुडालं नाही.' लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि चहा टाकायला उठल्या. मी डोक्यावर हात मारून घेतला.

"वन्सं, अहो हे काय लिहिलंत?"

"खरं ते लिहिलं."

"अहो, पदकं विचारतायत ते! पदकं, चषक, विक्रम!"

"ती माझ्याकडे कुठायत? मग काय, रकाना कोरा ठेवू?"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय त्रेपन्न, लग्न केलं नाही, राहतात आमच्याच घरात, वरच्या खोलीत. नोकरी पोहण्याच्या तलावावर, शिकवायची. त्यातही उथळ बाजूला. खोल बाजूचे सर वेगळे. त्यांच्या हाताखालून स्पर्धावाले निघायचे, पेपरात फोटो यायचे. वन्संच्या वाट्याला सगळी भित्री गिऱ्हाइकं. पायरीवरच रडणारी पोरं, पाण्यात बोट बुडवून परत जाणारे बाप्ये, डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पोहायला सांगितलेल्या आज्या. पाण्यात ढकललं की आपोआप पोहता येतं, असं कोणी म्हटलं की वन्सं खवळायच्या. "म्हणणाऱ्याला आधी ढकला," म्हणायच्या.

आणि गंमत अशी, की एखादं पोर माशासारखं सुळकन जायला लागलं, की ह्या त्याला हाताला धरून खोल बाजूला नेऊन देत. "सर, हा तुमचा झाला." अशी किती नेऊन दिली, गणतीच नाही. त्यांतल्या अकरा जणांनी पदकं आणली, ती सगळी सरांच्या नावावर. मी म्हणायचे, वन्सं, जरा तरी स्वतःचं नाव पुढे करा. पण पालथ्या घड्यावर पाणी!

तर झालं असं. तलाव नव्या लोकांकडे गेला. त्यांना फक्त स्पर्धेची मुलं हवी होती. उथळ बाजूचा वर्ग बंद झाला आणि वन्संना बसवलं तिकीटखिडकीवर. पोहण्याच्या कपड्यांवर आयुष्य काढलेली बाई, ती दिवसभर कोरड्या अंगाने तिकिटं फाडत बसली. सहा महिन्यांत चेहरा इतका उतरला की मला बघवेना. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नाही, पण जेवताना घास चावत चावत भिंतीकडे बघत बसायच्या.

अशात एक पत्र आलं. पूर्वी त्यांच्याकडे शिकलेली एक नर्स परदेशात जाऊन राहिली होती. तिच्या गावाला लागून मोठं सरोवर, आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना पोहता येत नाही. तिथल्या पोहण्याच्या क्लबला मोठ्या माणसांना शिकवणारी बाई हवी होती. नर्सने वन्संचं नाव सांगितलं. क्लबने करार पाठवला, राहायला खोली देऊ म्हणाले. एकच अट, तिकडच्या सरकारचा राहण्याचा परवाना तीन महिन्यांत मिळवायचा. नाही मिळाला तर दुसरी बाई घेणार. आणि परवाना ज्या वर्गात बसत होता त्याचं नाव 'क्रीडा व्यावसायिक'.

पत्र वाचून वन्संनी ते घडी घालून ठेवून दिलं. पण संध्याकाळी जिना चढताना गुणगुणत होत्या. ते ऐकून मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, ह्यांना तिकडे पोचवायचंच. मला त्या जायला हव्या होत्या का? मुळीच नाही. सत्तावीस वर्षं एका घरात काढल्यावर नणंद कुठली आणि बहीण कुठली. पण खिडकीत सुकत बसण्यापेक्षा लांब का होईना, पाण्यात असलेल्या बऱ्या.

मग सुरू झाली कागदांची वारेमाप धावपळ. जलतरण संघटनेच्या सचिवांकडे शिफारसपत्राला गेलो तर ते म्हणाले, "बाई, एक तरी पदक दाखवा, म्हणजे मला लिहिता येईल." शेवटी 'नोंदणीकृत प्रशिक्षक आहेत' एवढी एक ओळ लिहून दिली, तीही जांभई देत. आमचे चिरंजीव, वय चोवीस, अकलेचे सागर. ते म्हणाले, "आत्या, त्या अकरा जणांची नावं तुझी म्हणून टाक. पाण्यात तर तूच उतरवलंस ना त्यांना?"

"उतरवलं मी. जिंकवलं सरांनी," वन्सं म्हणाल्या. विषय संपला. आणि चौदाव्या रकान्यात ते सुप्रसिद्ध वाक्य गेलं.

महिन्याभराने उत्तर आलं. 'आपण नमूद केलेल्या कामगिरीचा पुरावा सादर करावा. पंधरा दिवसांत मुलाखतीस यावे.'

आमच्या ह्यांना हसू आवरेना. "बुडालेल्याचा दाखला मिळतो गं. न बुडालेल्यांचा कुठून आणणार?"

मी रागाने लाल झाले होते. "हसा तुम्ही! तरी मी सांगत होते..."

वन्सं मात्र शांतपणे वर गेल्या आणि दोन्ही हातांत वह्या घेऊन आल्या. मग परत गेल्या, आणखी आणल्या. बावीस वह्या, वर्षाला एक. काही पानं पाण्याने फुगलेली, शाई पसरलेली. प्रत्येक पानावर तारीख, वर्गाची वेळ आणि दोनच रकाने. एकावर 'उतरले', दुसऱ्यावर 'वर आले'. उतरले बारा, वर आले बारा. उतरले एकोणीस, वर आले एकोणीस. वर्ग सुटला की काठावर उभं राहून एकेक डोकं मोजायचं आणि आकडा लिहायचा, मगच शिट्टी गळ्यातून काढायची. बावीस वर्षं एकही दिवस चुकला नव्हता.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं ठेवायला?" मी विचारलं.

"कोणी कशाला सांगायला हवं? मोजल्याशिवाय घरी येऊन जेवण जाईल का मला?"

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरीपट तपासलेली बाई. पट्टी घेतली, चष्मा पुसला आणि ओळीने ओळ तपासायला बसले. एक जरी आकडा चुकीचा निघाला तर तिकडचे लोक नाक मुरडणार. चार दिवस तेच काम. सगळं कसं सुतासारखं सरळ जुळत होतं. वन्संचा मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू, की शेजारणीला दोनदा बोलावून वह्या दाखवल्या.

आणि पाचव्या दिवशी, सातव्या वहीत, पट्टी थांबली. उतरले सतरा. वर आले सोळा.

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सगळ्यांना बाहेर काढलं. तळ अकरा वेळा शोधला. सतरावा न सांगता घरी गेलेला. सुखरूप.'

मी वही घेऊन तडक वर गेले. वन्सं केसांना तेल लावत होत्या. त्यांनी पान बघितलं आणि मान हलवली. "हो. तो एक दिवस."

"हे पान नको पाठवायला. एवढ्या ढिगात एक पान नसलं तर कोणाला कळतंय? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अगं, चुकलेच ना मी त्या दिवशी? पोर माझ्या नजरेसमोरून निघून गेलं आणि मला कळलं नाही. चुकले, ते लिहिलंय. ते काढलं तर बाकीच्या पानांवर तरी कोणी का विश्वास ठेवावा?"

"पण कार्टं तरी कोणाचं होतं?"

"होतं एकाचं," त्या म्हणाल्या आणि तेलाची बाटली माझ्या हातात दिली. "मागे जरा लाव, माझा हात पोचत नाही."

वह्यांच्या पानांच्या नकला आधी पाठवल्या, त्यांत ते पानही गेलं. मुलाखतीला मी बरोबर गेले, बावीस वह्या दोन पिशव्यांत घालून. त्या देशाच्या आपल्याकडच्या कार्यालयात गारठा, खुर्च्या लोखंडी, भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. आत बोलावलं तेव्हा मीही घुसले. पिशव्या कोण धरणार, असं सांगितलं. टेबलापलीकडे चष्मेवाला तरुण अधिकारी, शेजारी दुभाषी बाई, तिला सर्दी झालेली. अधिकाऱ्यासमोर नेमकं तेच पान, पिवळ्या खुणा केलेलं. मी मनात म्हटलं, संपलं! तरी सांगत होते!

त्याने विचारलं ते दुभाषी बाईने नाक पुसत आमच्या भाषेत सांगितलं. "मुलगा सुखरूप आहे हे कळल्यावर सोळाचे सतरा का केले नाहीत?"

"वर आलेली सोळाच डोकी मी मोजली होती," वन्सं म्हणाल्या. "सतरावं मोजलं नाही, तर लिहू कसं?"

त्याने लिहून घेतलं. "त्याचे कपडे खुंटीवर होते का?"

"नव्हते. सगळे म्हणाले, गेला असेल घरी. पण कपडे नाहीत म्हणून पोर पाण्यात नाही, असं होत नाही. मी शोधत राहिले. तळाला एकही फरशी सोडली नाही, तेव्हा बाहेर आले."

"आणि सुखरूप आहे हे कोणी सांगितलं? की स्वतः पाहिलंत?"

"स्वतः पाहिलं. पळत घरी गेले."

"कोणाच्या घरी?"

इथे वन्सं थांबल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच अडखळल्या. माझ्याकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्याच. माझ्या भावाचा मुलगा तो. भूक लागली म्हणून आला होता. स्वयंपाकघरात बसून जेवत होता."

दुभाषी बाई ते त्याला समजावून सांगत होती, पण मी तिथे नव्हतेच. मी सोळा वर्षं मागे गेले होते. चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचा. त्याला पाण्यात सोडायला मी वर्षभर नाही म्हटलं होतं आणि शेवटी वन्संच्या भरवशावर पाठवला होता. ती दुपार मला लख्ख आठवली. ओल्या केसांनी, ओल्या कपड्यांवर नुसता टॉवेल गुंडाळून वन्सं दारात उभ्या होत्या. पायांवरून पाण्याचे ओघळ. पोराकडे नुसत्या बघत होत्या. आणि मी, मी काय म्हणाले होते? "वन्सं, पाय तरी पुसून यायचं! आत्ता फरशी पुसलीय मी." त्या 'चुकलं गं' म्हणाल्या होत्या आणि फडकं घेऊन खाली बसल्या होत्या, फरशी पुसायला. एकच फरशी पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मला वाटलं, डाग निघत नसेल.

"मला का नाही सांगितलंत?" मी तिथेच, त्या अधिकाऱ्यासमोर विचारलं.

"सांगितलं असतं तर तू त्याला परत पाठवला असतास का?" वन्सं म्हणाल्या. "आणि तो कायमचा भित्रा राहिला असता."

मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. अधिकारी घाबरला. त्याने घाईघाईने दुभाषी बाईला काहीतरी सांगितलं आणि ती मला म्हणाली, "अहो बाई, रडू नका. साहेब नाही म्हणत नाहीयेत. दोन वर्षांचा परवाना मंजूर केलाय, पुढे वाढवूनही मिळेल. बाकीच्या वह्या बघायची त्यांना गरज नाही."

ते ऐकून मी आणखीच रडले. अधिकाऱ्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. आता दुभाषी बाईलाच काय सांगावं ते कळेना. शेवटी वन्संनीच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिला म्हणाल्या, "साहेबांना सांगा, माझी भावजय आहे. तिचा मुलगा आत्ता सापडला, म्हणून रडतेय."